नियोजित स्मशानभूमी

"माझ्या राहत्या घरावर स्मशानभूमी?" विकास आराखड्याच्या सुनावणीत ऐंशी वर्षांचे केरूनाना कडाडले.

"जुनी रिंगरोडमध्ये जातेय, नाना. नवी कुणाच्या घरावर टाकू, तेवढं सांगा," नगररचना अधिकारी म्हणाले.

नानांनी मागे पाहिलं. मघाशी विमानतळ आपल्याच गल्लीत हवा म्हणून भांडलेली मंडळी आता चपला शोधत होती.

शेवटी साहेबांनी नकाशावरून स्मशानच खोडलं. "घर वाचलं तुमचं. पण पुढची वीस वर्षं शहरात कुणी मरायचं नाही. मंजूर?"

"मंजूर!" सभागृह एकमुखाने गरजलं.

नाना ताठ मानेने शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले, "ऐकलंस? अजून वीस वर्षं आहे मी!"

म्हातारीने सावकाश हात वर केला. "साहेब, माझी हरकत लिहून घ्या."