ब्रिटाचा अर्ज

"तिनं स्वतःच आणून दिला," ओपल राइन्केनं अर्ज टेबलावरून पुढे सरकवला. "पालक म्हणून तुझी सही हवी."

हारलन नायगार्डनं चष्मा काढून पुसला. अर्जाला हात लावला नाही. शाळा सुरू होऊन तिसराच आठवडा, आणि त्याची मुलगी ब्रिटा कॉलेज-क्रेडिटच्या गणितातून उतरून साध्या वर्गात बसायचं म्हणत होती.

मिनेसोटातल्या त्या गावात शाळा एकच. कुणी कुठला वर्ग घ्यावा, हे मुलांना ओपल सांगायची. गणिताच्या तीन पायऱ्या होत्या: साधा वर्ग, त्यावर ऑनर्स, आणि सगळ्यात वर कॉलेज-क्रेडिट. वरचा वर्ग पार केला की विद्यापीठात पहिल्या वर्षाचं गणित झालेलंच धरायचे. तेवढी फी वाचायची. जागा चोवीस. निवड परीक्षा वसंतात व्हायची. पेपर हारलन तपासायचा, वर्गही तोच शिकवायचा. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

"मी बोलतो तिच्याशी," तो म्हणाला.

"बोल. पण पोरगी ठाम आहे."

घरी जाताना ब्रिटा गाडीत त्याच्या शेजारी बसली होती. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलं होतं.

"अवघड जातंय का?" हारलननं विचारलं.

"नाही."

"कुणी काही बोललं?"

"नाही, डॅड."

"मग लोकांना काय सांगू? गणिताच्या मास्तरची पोर गणिताला घाबरली?"

"सांग तसंच."

"निवड परीक्षेचे पेपर परत मिळाल्यापासून तुझं काहीतरी बिनसलंय. चोविसावी का होईना, आलीस ना यादीत? त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

ब्रिटानं काच खाली केली. "थोडी हवा येऊ दे," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत तोंड बाहेरच ठेवून बसली.

बातमी फुटायला दोन दिवस पुरले. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी घेताना बियाण्यांच्या दुकानवाल्या कर्मिट बोल्स्टाडनं त्याला गाठलं.

"काय मास्तर, दिव्याखाली अंधार म्हणे?"

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. हारलनही हसला. पण कान तापले, आणि कॉफी अर्धी ठेवून तो पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला. दूर ब्रिटा लहान मुलांना गाडीत बसवायला मदत करत होती. तिनं वर पाहिलं. त्यानं नजर वळवली.

संध्याकाळी त्यानं शेवटचा प्रयत्न केला. "हे शेवटचं वर्ष आहे, ब्रिटा. ही संधी परत येणार नाही."

"माझ्यासाठी नाही आणि दुसऱ्या कुणासाठीही नाही," ती म्हणाली. "म्हणून तर सही कर."

"हट्टीपणा आईकडून घेतलास."

"असेल." ती जवळ आली, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, आणि भांडी धुवायला निघून गेली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

सोमवारी पहिली घंटा व्हायच्या आत तो ओपलसमोर बसला. सही केली.

"जागा होदान वरसामेला जाईल," ओपल म्हणाली. "पंचविसावी होती ती. आई टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात दोन पाळ्या करते. त्यांना ही फी वाचणं म्हणजे काय, तुला सांगायला नको."

"चांगली मुलगी आहे," हारलन म्हणाला.

तो उठला. ओपल उठली नाही.

"बस जरा. मला हे आता मुख्याध्यापकांना कळवावं लागेल. विद्यापीठालाही. तिच्या कागदांवर कायमचं राहणार."

"वर्ग बदलला म्हणून?"

"तू मागचं पान वाचलंच नाहीस?"

तिनं कागद उलटा केला. ब्रिटाचं अक्षर सुरेख, सरळ होतं.

'निवड परीक्षेनंतर मी डॅडच्या कपाटातून माझा पेपर काढला आणि तीन चुकलेली उत्तरं बदलली. डॅडला यातलं काहीही माहीत नाही. ही जागा होदानची आहे.'

"मला फार वाईट वाटतं, हारलन," ओपल हळू आवाजात म्हणाली. "तुझ्यासारख्या माणसाच्या घरात हे असं व्हावं."

हारलननं ते तीनदा वाचलं. ती तीन उत्तरं एप्रिलमधल्या एका शनिवारी, पेपर तपासता तपासता, त्यानं स्वतःच्या हातानं बदलली होती.