लालासाहेबांना सांगावा

कराडात नदीला कुणी बुडालं, की लोक धावत लालासाहेबांच्या दारात यायचे. पलटणीतून पेन्शनीत आलेला हा माणूस कसल्याही पाण्यात बुडी मारून मढं वर काढायचा. म्हणायचा, "घरच्यास्नी तोंड तरी दिसाय पायजे."

चौऱ्याहत्तरच्या पुरात एका बाईला वाचवायला त्यांनी उडी घेतली. बाई वाचली, लालासाहेब सापडलेच नाहीत. त्यांच्या जागी दर्भाचा पुतळा जाळावा लागला.

वर्षश्राद्धाला सांगलीकडचा जोतिबा नावाडी आला. लालासाहेब गेल्याचं त्याला फार उशिरा कळलं होतं. जेवणं आटोपल्यावर तो त्यांच्या बायकोपाशी, राहीबाईंपाशी, हळहळत बसला.

"वैनी, गेल्या पुरात आमच्या गावाखाली बाभळीला एक मढं पालथं अडकलं हुतं. धार अशी, की होडी घालायची कुणाची छाती झाली न्हाई. म्हणलं, लालासाहेबास्नीच बोलवा. पर सांगावा घिऊन गेलेला गडी वाट बंद म्हणून माघारी आला. दोन दिस वाट बघितली आमी. ते आले असते, तर त्या बिचाऱ्याची माती झाली असती."

"मग?"

"तिसऱ्या दिशी पाणी चढलं, आन् गेलं व्हाऊन."

"अंगात काय हुतं त्याच्या?"

"मिलिटरीचा हिरवा बनियन. आन् डाव्या दंडाला ताईत."

राहीबाईंनी पदर तोंडाशी धरला.



"दादा, ते आले हुते तुमच्याकडं."