बाळंतिणीची खोली

अख्खं वरोरा उन्हाला भिऊन जमिनीखाली राहायला गेलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. बारसं उद्यावर आलेलं. दगडातून झिरपणारा रेडॉन वायू तपासायला आलेल्या बाईंना मंदाकिनीबाईंनी कौतुकानं बाळंतिणीच्या खोलीत नेलं.

भिंतीचा गारवा लागू नये म्हणून टांगलेली गोधडी बाईंनी बाजूला केली. तिच्यामागची वायू तपासायची पांढरी पट्टी काळीठिक्कर पडली होती आणि शेजारचा हवेचा झरोका चिंध्या कोंबून बंद केलेला होता.

“झरोका कोणी बुजवला?”

“मी,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “लेकीला, बाळाला वारा लागू नये म्हणून. माझ्या आईनंही खोली अशीच बंद ठेवली होती.”

“तेव्हा घरं जमिनीवर होती, आजी. इथं हा वायू बाहेर जायला तेवढीच वाट असते. फुप्फुसं पोखरतो तो.”



मंदाकिनीबाईंनी पाळण्यातलं बाळ उचललं आणि त्या जिना चढत सुटल्या. वरचं लोखंडी झाकण ढकललं, तशी उन्हाची झळ तोंडावर आली. त्या भाजत्या वाऱ्यात बाळाला धरून त्या पुटपुटत राहिल्या, “घे रे राजा, वारा घे.”