धारेच्या वेळचं वाचन

वाचताना अडखळली की वर्गात पोरं हसतात म्हणून कान्हे गावच्या पिंकीनं मोठ्यानं वाचायचंच सोडलं. तिचे आजोबा दत्तोबा म्हणाले, "मंग आपल्या चंद्रीला वाचून दाव. म्हस काय हसायची न्हाई." झालं! रोज धारेच्या वेळी गोठ्यात गोष्ट रंगू लागली, अन् पिंकीची जीभ अशी सुटली की विचारू नका.

सुट्टीत पिंकी सोमाटण्याला मामाकडं गेली, तसं चंद्रीनं दूधच चोरलं. शेवटी दत्तोबांनी चष्मा चढवला आणि अडखळत अख्खं पान वाचलं. तरी थेंब नाही. डेअरीची गाडी यायची वेळ झाली, तेव्हा घाबरून त्यांनी फोन लावला.

"पिंके, वाचलं की गं! तरी चंद्री दूध दीना."

"कुठनं वाचलं, आबा?"

"पयल्यापास्नं."

 

"आवो, ते तिचं कवाच ऐकून झालंय! वाघ गुहेच्या तोंडाशी आलाय, तितनं फुडं वाचा."