कोणाचा भाऊ?

बाबांचा ओस पडलेला दवाखाना बघवेना, म्हणून ऋजुताने खोट्या नावांनी धडाधड चोवीस रिव्ह्यू ठोकले. सगळे पाच स्टारचे! एकात तर चक्क लिहिलं, "साप चावलेला माझा भाऊ डॉक्टरांनी वाचवला."

आज दुपारी एक बाप अर्धवट शुद्धीतल्या पोरीला उचलून धावत आला. "साप चावलाय साहेब! मोबाइलवर वाचलं, तुम्ही कुणाचा तरी साप चावलेला भाऊ वाचवला, म्हणून सरकारी दवाखाना सोडून तुमच्याकडंच आणली!"

"अहो, माझ्याकडे सापाची लस कधीच नव्हती! फिरवा गाडी, पळा!" म्हणत बाबाही त्यांच्यासोबत गाडीत बसले.

तासाभराने ते परतले. पोर वाटेतच गेली होती. तिची एक चप्पल बाकाखाली तशीच पडलेली. बाबांनी ती उचलून हातात धरली.

"ऋजू, मी कोणाचा भाऊ वाचवला गं? काही केल्या आठवत नाही."