एक जूनचा केक

शहाण्णव साली गुडगावच्या त्या नऊ जणांच्या ऑफिसात नवा मॅनेजर आला आणि प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक कापायचा नियम झाला. एक जूनला विश्वनाथ देशमान्यांची पाळी आली. वीज गेलेली, क्रीम वितळायला लागलेलं. "अरे देशमाने जी, मुस्कुराइए तो!" म्हणत कुणीतरी त्यांच्या तोंडात केकचा तुकडा कोंबला. टाळ्या झाल्या, सगळे आपापल्या टेबलाकडे वळले.

बावन्न वर्षांतला त्यांचा हा पहिला वाढदिवस. तरी त्यांना नुसता थकवा आला. ही तारीख मुळात त्यांची नव्हतीच. शाळेत घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली. खरी तारीख घरात कुणाला ठाऊक नाही, असंच ते लहानपणापासून समजत आले होते.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी एसटीडी बूथवरून लातूरला फोन लावला.

"आई, आज ऑफिसात माझा वाढदिवस केला. मी खरा कधी झालो गं? काही आठवतं का?"



 

"तारीख पाठ आहे रे मला. त्याच दिवशी तुझा थोरला भाऊ तापानं गेला. मीच गुरुजींना म्हटलं, दुसरी कुठलीही लिहा."