पितळी पट्टी

शाहूपुरीतल्या त्या कारखान्यात एक रीत होती. लेथवर, म्हणजे लोखंडी गज फिरवून कापायच्या यंत्रावर, हत्याराचं टोक गजाच्या बरोबर मध्याला आणायला हत्याराखाली पत्र्याचे तुकडे घालावे लागत, आणि ते तुकडे ज्यानं त्यानं आपले आपण कापून आपल्या डबीत ठेवायचे. दुसऱ्याच्या डबीला हात लावायचा नाही. का, ते कुणी विचारत नसे.

दत्तोबा टर्नर तिथल्या एका लेथात गळ्यातला पंचा अडकून गेला. त्याचा तेरावा झाला आणि मालकांनी तोच लेथ दुसऱ्या कारागिराला, आकारामला दिला. सकाळची घाई होती. आकारामनं दत्तोबाच्याच डबीतले तुकडे घेतले.

मग त्यानं हत्याराचं टोक आणि गज यांच्यामध्ये पितळी पट्टी दाबून धरली. पट्टी सरळ उभी राहिली की उंची बरोबर. ती त्याच्या अंगावर झुकली, म्हणजे हत्यार खाली होतं. त्यानं एक तुकडा वाढवला. पट्टी तेवढीच झुकली. आणखी एक घातला, मग दोन घातले. टोक आता मध्याच्या चांगलं बोटभर वर दिसत होतं, तरी पट्टी अंगावरच येत होती.

"मालक, ह्यो लेथ बिघडलाय की!"

"लेथाला काय धाड भरलीया? गज वाकडा असंल. काढ त्यो!"

आकारामनं गज धरून ठेवणारा चक सैल केला आणि गज बाहेर ओढला.

पट्टी पडली नाही. तिच्यामागं आता काहीच नव्हतं. पलीकडून कुणी रेटून धरल्यासारखी ती हत्याराच्या टोकाशी तशीच दाबलेली राहिली आणि त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू सरळ झाली.

उंची बरोबर जमली होती, दत्तोबाच्या मापानं.